मागच्या कोपऱ्याचं तापमान

यापुढे विद्यापीठातून एकही शिकाऊ घ्यायचा नाही असं बाईंनी ठरवलं होतं, आणि बाईंनी ठरवलं की ठरलं.

बाई म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई. त्यांच्याकडे अंडी उबवायची यंत्रं बनत. माणूस आत उभा राहील एवढं कपाट, त्यात ट्रेच्या रांगा, हीटर, पंखा आणि कोपऱ्याकोपऱ्यात तापमान मोजणारे सेन्सर. कोंबडी जे काम नुसतं बसून करते त्यासाठी आपण केवढा पसारा मांडलाय, असं बाई स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत आणि तरी यंत्र विकत.

त्यांच्याकडे विद्यापीठातून आलेली आणि टिकलेली एकच मुलगी होती. तिला सगळे दशांश म्हणत. कोणी "दोन मीटर वायर आण" म्हटलं की "दोन म्हणजे दोन पूर्णांक शून्य का?" असं ती अगदी मनापासून विचारायची. आधी लोक हसले, मग वैतागले आणि शेवटी नाव ठेवून मोकळे झाले. तिची हरकत नव्हती. नाव निदान अचूक होतं.

"बाई, अजून एकदा विचार करा ना," दशांश म्हणाली. बाई टेबलाशी बसून एका मोटरचं झाकण उघडत होत्या.

"केला विचार. गेल्या वर्षी तिघं आले. एकानं मला पंख्याचं समीकरण फळ्यावर सोडवून दाखवलं. सुंदर होतं गं. पंखा मात्र उलटा बसवला होता."

"शिकतात हळूहळू."

"शिकतात कुठले! काही अडलं तर विचारत नाहीत. चुकलं तर सांगत नाहीत. आकडे मात्र असे छान आणून देतात की वाटतं फ्रेम करून लावावेत. आणि गिऱ्हाइकाकडे गेलं की पिल्लं निघत नाहीत."

"दोष मुलांचा नाही, बाई."

"मग कोणाचा? अंड्यांचा?"

दशांशच्या तोंडात उत्तर होतं, पण ते बाहेर काढायला तिला धीर गोळा करावा लागला. तिची धाकटी बहीण, ती स्वतः विद्यापीठात ज्या विभागात शिकली त्याच विभागात, शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या सत्रात कुठेतरी प्रत्यक्ष काम शिकल्याशिवाय त्या वर्गाला पदवी मिळणार नव्हती, आणि बाकीच्या कारखान्यांनी आधीच हात वर केले होते. राहता राहिल्या बाई.

"शिकवणाऱ्यालाच बोलवा," ती म्हणाली. "आमच्या सरांना. सुट्टी लागलीय. महिनाभर शिकाऊ म्हणून राहू देत इथे. शिकाऊ मुलांना देता तेच काम द्या. त्यांना जमलं तर ते मुलांना तसं शिकवतील. मग तरी घ्याल?"

बाईंनी पाना खाली ठेवला. "सर येतील? माझ्याकडे? हातात झाडू दिला तर?"

"विचारते."

"विचार. पण खुर्ची मिळणार नाही. आणि तुझे सर आहेत म्हणून तू त्यांच्यासाठी काम करून ठेवलंस, तर दोघांनाही बाहेर काढीन."

घरी ही बातमी कळल्यावर धाकटीने हातातला घास तसाच ठेवला.

"तू सरांना शिकाऊ केलंस? ताई, अगं प्रात्यक्षिकाचे मार्क त्यांच्याच हातात आहेत! तू त्यांना स्क्रू पिळायला लावणार आणि ते मला पिळणार!"

"ते तसे नाहीत."

"तुझ्या वेळी नसतील."

"भांडू नका, जेवा," आई म्हणाली. "आणि सर तिथे येणार असतील तर त्यांना बसायला काहीतरी द्या. मोठा माणूस उभा राहतो होय?"

सर आले. दशांशला वाटलं होतं त्यापेक्षा फार सहज आले. विभागात त्यांना मुलं लंबक म्हणत, कारण शिकवताना ते फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच गतीने येरझारा घालत. कारखान्यात मात्र दोन यंत्रांच्या मधे येरझारा घालायला जागाच नव्हती. पहिल्या दिवशी ते तीनदा ट्रेवर आपटले आणि तीनदा ट्रेची माफी मागितली.

बाईंनी त्यांना निळा कोट दिला आणि काम सांगितलं. काम म्हणजे एकच वाक्य. दोन नंबरच्या यंत्रावर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम लिहायचा. आत काही बिघडलं की भोंगा वाजला पाहिजे. यंत्रात खरी अंडी होती आणि उबवणीचा शेवटचा आठवडा सुरू होत होता.

"काही विचारायचंय?" बाई म्हणाल्या.

"नाही, समजलं," सर म्हणाले.

त्यानंतर चार दिवस ते कोणाशी बोललेच नाहीत. टाइप करत, डोकं खाजवत, मधेच दुपारी एका जाड पुस्तकात कोंबड्यांची चित्रं बघत. दशांश जाता-येता बघायची आणि ओठ मिटून पुढे जायची, कारण बाईंची ताकीद होती. पाचव्या दिवशी बाईच थांबल्या.

"अहो सर, हे पुस्तक कशाला?"

"अंड्याला किती तापमान चालतं ते बघतोय."

"मी इथे बसलेय की! साडेसदतीसच्या आसपास. अर्धा अंश वर गेलं तर मी काळजी करते, एक अंश गेलं तर धावत येते. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

सर थोडे ओशाळले. "आमच्याकडे परीक्षेत विचारलं की मार्क जातात. सवय."

"आणि आमच्याकडे नाही विचारलं की पिल्लं जातात," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सरांनी पुस्तक मिटलं. त्या दिवसापासून ते विचारत सुटले. हा पत्रा कशासाठी? पंखा मधेच का? गिऱ्हाईक दार किती वेळा उघडतं? बाईंना वाटलं, हे तर आणखीनच वाईट झालं. पण उत्तरं देताना त्या हळूहळू स्टूल ओढून बसू लागल्या, आणि एक स्टूल सरांकडेही सरकलं. खुर्ची नव्हती, त्यामुळे शब्द मोडला नव्हता.

प्रोग्रॅम झाला. सरांनी दशांशला बोलावून पडदा दाखवला. सेन्सरच्या सगळ्या रेषा एकमेकींना चिकटून, शिस्तीत, जणू शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुली.

"कसं वाटतंय?" सर म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता.

दशांश बघत राहिली. इतक्या सरळ रेषा तिने यंत्रात कधी पाहिल्या नव्हत्या. प्रयोगशाळेत मात्र रोज पाहिल्या होत्या. तिथे उत्तर किती यायला हवं ते पुस्तकात छापलेलं असे. मुलं ते उत्तर आधी लिहीत, त्यावरून उलटी गणितं करून आकडे काढत आणि शेवटी, वेळ उरला तर, प्रयोग करत. एखादा आकडा फटकून आला तर त्यावर सर स्वतः लाल रेघ मारत. "निरीक्षणातली चूक," म्हणत, "सोडून दे."

आता प्रश्न असा होता की सरांचा आलेख चुकलाय हे सरांना सांगायचं कोणी? चार वर्षांत ती त्यांच्यापुढे "हो सर" आणि "आणते सर" याखेरीज काही बोलली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी बाई काम तपासणार होत्या. काम करून ठेवायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं. बोलायचं नाही असं काही म्हटलं नव्हतं.

"सर, आलेख फार छान आलाय," ती म्हणाली.

"आलाय ना?"

"म्हणून भीती वाटतेय. तुम्ही काही आकडे सोडून दिलेत का?"

सरांनी चष्मा वर केला. "एकच सेन्सर सोडलाय. मागच्या वरच्या कोपऱ्यातला. सगळ्यांपेक्षा दीड अंश वर दाखवतो. उघडच बिघडलेला आहे. प्रोग्रॅममधे नियम घातला, जो आकडा बाकीच्यांशी जुळत नाही तो..." ते मधेच थांबले.

"...सोडून दे," दशांशने वाक्य पूर्ण केलं आणि लगेच जीभ चावली.

सर उठले. येरझारा घालायला जागा नव्हती म्हणून जागच्या जागीच थोडे डुलले. मग, दशांशला अपेक्षा नव्हती असं, खळखळून हसले.

"म्हणजे आग लागली तर माझा प्रोग्रॅम म्हणेल, एकाच कोपऱ्यात लागलीय, बाकी सगळं ठीक आहे!"

"पण सर, सेन्सर खरंच बिघडलेला असू शकतो."

"असू शकतो. कसं कळेल?" हा प्रश्न विचारताना ते पुन्हा सर झाले होते.

"अदलाबदल," दशांश म्हणाली. "हा सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात लावायचा, तिथला इथे. जास्तीचं तापमान सेन्सरबरोबर गेलं तर सेन्सर खोटा. कोपऱ्यातच राहिलं तर..."

"कोपरा खरा. चल!"

दार उघडं ठेवून चालणार नव्हतं, म्हणून दोघांनी घाईघाईने सेन्सर बदलले. सरांनी निळ्या कोटाला ग्रीस पुसलं, सोडलेला आकडाही पडद्यावर दिसेल असं केलं आणि समोर बसले. यंत्र पुन्हा स्थिरावेपर्यंत दोघं निकालाची वाट बघणाऱ्या मुलांसारखी पडद्याला डोळे लावून बसली. मग कोपऱ्यातली रेषा वर जायला लागली. सेन्सर दुसरा, तापमान तेच.

"बाईंना बोलाव," सर म्हणाले.

"सर, उद्या तपासणी आहे. आज रात्रीत नियम काढून टाकलात तर प्रोग्रॅम बरोबर होईल. त्यांना कळणारही नाही." धाकटीचा चेहरा डोळ्यांपुढे आल्यामुळे हे तिच्या तोंडून निघून गेलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "हे तू माझ्याच प्रयोगशाळेत शिकलीस, नाही का?" ते म्हणाले. रागावून नव्हे, चौकशी केल्यासारखं. "बोलाव त्यांना."

बाई आल्या. सरांनी सगळं सांगितलं, स्वतःचा नियम पडद्यावर दाखवला आणि कोणत्या ओळीत गाढवपणा केलाय त्यावर बोटही ठेवलं. बाई रागावतील म्हणून दशांश तयारीत होती. बाईंचा चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा झाला.

"त्या कोपऱ्यातला सेन्सर मी दोनदा बदललाय," त्या म्हणाल्या. "विकलेल्या यंत्राच्या त्याच कोपऱ्याबद्दल गिऱ्हाइकाचीही तक्रार होती. मी म्हटलं, सेन्सरची ती अख्खी खेप खराब."

"म्हणजे तुम्हीही तो आकडा सोडून दिलात," सर म्हणाले.

"तुम्ही फुकट सोडलात. मी सेन्सरवर पैसे घालवून सोडला."

तिघंही हसली आणि मग यंत्राच्या मागे गेली. शेवटच्या आठवड्यात अंड्यातली पिल्लं मोठी होतात, श्वास घेऊ लागतात, आणि प्रत्येक अंडं एक छोटी शेगडी होतं. तेव्हा पंख्याचा वारा त्यांना गरम करायला नको, निववायला हवा असतो. हे बाईंना ठाऊक होतंच. वारा कुठे पोचत नाही हे सरांनी दोऱ्याचा तुकडा धरून शोधलं. सगळीकडे दोरा फडफडला, त्या कोपऱ्यात मात्र मेल्यासारखा लोंबला. पंख्यासमोरचा पत्रा थोडा जास्तच वाकवलेला होता. बाईंनी तो पकडीने सरळ केला. रेषा खाली आली आणि बाकीच्यांत जाऊन उभी राहिली, या वेळी खरोखरची.

"तर सर," बाई हात पुसत म्हणाल्या, "कामात तुम्ही नापास."

"मान्य."

"बाकी तुम्ही मला आवडलात. चूक झाली म्हणून स्वतःहून हाक मारणारा हा माझा पहिला शिकाऊ. पण तुम्ही शिकलात म्हणून तुमची मुलं शिकली असं होत नाही. मी एक जुनं छोटं यंत्र तुमच्या प्रयोगशाळेत पाठवते. आत काय चाललंय ते मुलांनी मोजून मला कळवायचं. छानछान आकडे आले, तर दार बंद. नीट आले, तर अख्खा वर्ग घेते."

सुट्टी संपली आणि यंत्र गेलं. जाण्याआधी बाईंनी त्याचा पत्रा स्वतःच्या हाताने वाकवला. दशांशने ते पाहिलं आणि बाईंनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

पण गोष्ट लपून राहते थोडीच! सरांचा गरम कोपरा विभागात सगळ्यांच्या तोंडी झाला होता. धाकटीलाही तो आईकडून, ताईकडून आणि स्वतः सरांकडून असा तीन वेळा ऐकायला मिळाला होता. सर फक्त एका बाबतीत वेगळे वागले. यंत्र टेबलावर ठेवून त्यांनी मुलांना सांगितलं, "उत्तर पुस्तकात नाही. मलाही माहीत नाही." वर्गात अशी शांतता पसरली की जणू कोणीतरी वारल्याचं सांगितलंय.

चौथ्या दिवशी दुपारी दशांशचा फोन वाजला. धाकटी कुजबुजत होती.

"ताई, घोटाळा झालाय. मागचा कोपरा थंड आहे."

"थंड?"

"बाकीच्यांपेक्षा जवळजवळ एक अंश कमी. सेन्सर अदलाबदल करून बघितले. तरी थंडच. सगळे म्हणतायत, बाईंना गरम कोपरा हवाय, गरम लिहून टाकू. मी नको म्हणतेय तर माझ्यावरच तुटून पडलेत. तू तिथे आहेस ना? सांग ना, पत्रा वाकवलाय की नाही?"

दशांशने डोळे मिटले. पत्रा वाकवलेला होता. वारा पोचत नसेल तर कोपरा गरम व्हायला हवा, आणि बाई गरम कोपऱ्याचीच वाट बघत होत्या हेही खरं. "गरम लिही" एवढे दोन शब्द बोलले की धाकटीचं वर्ष मार्गी लागणार होतं.

"मला काय माहीत आहे ते विसर," ती म्हणाली. "तुला काय दिसतंय?"

"थंड."

"मग थंड लिही."

"आणि बाईंनी हाकललं तर? आईला तू सांगशील?"

"मी सांगेन."

"घरी आल्यावर बघते तुला," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

तासाभराने बाईंच्या फोनवर निरोप आला. दशांश उगीचच शेजारचा ट्रे पुसत उभी राहिली. बाईंनी निरोप वाचला, भुवया चढवल्या, पुन्हा वाचला.

"कोपरा थंड म्हणे! पत्रा मी स्वतः वाकवलाय. हे कसं होईल?" मग त्यांनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "'दोनदा तपासलं. कारण कळलेलं नाही.'" त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "दशांश, इतक्या वर्षांत विद्यापीठातून मला 'कळलेलं नाही' असं कोणी लिहून पाठवलं नव्हतं गं. चल."

"कुठे?"

"कुठे काय! मलाही कळलेलं नाही. बघायला नको?"

बाई गाडी चालवत होत्या आणि दशांश डोक्यात ते यंत्र उघडून बघत होती. पंखा, पत्रा, कोपरा, ट्रे. ट्रेमधे... सरांनी ट्रेमधे अंड्यांऐवजी पाण्याच्या छोट्या बाटल्या ठेवल्या होत्या, पोरं उगाच जिवांशी खेळायला नकोत म्हणून. बाटली काही श्वास घेत नाही. तिला स्वतःची ऊब नाही. हीटरची ऊब वाऱ्याने पोचवली तरच ती गरम होणार. वारा न पोचणारा तोच कोपरा जिवंत अंड्यांना तापवतो आणि बाटल्यांना गारठवतो.

"बाई! अहो, त्या बाटल्या..."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. "मला तुझ्याकडून नाही ऐकायचं."

प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा आत मासळीबाजार भरला होता. मुलं यंत्राला चिकटली होती, एक जण दोरा धरून उभा होता, सर खिडकीपासून दारापर्यंत मनसोक्त येरझारा घालत होते आणि मधोमध धाकटी हात हलवून ओरडत होती. "अरे, पण सरांच्या यंत्रात अंडी जिवंत होती! ह्या बाटल्या आहेत! ह्यांना काय पिल्लं होणारेत?" वर्ग हसला आणि मग, एकेक करून, हसायचा थांबला, कारण तिचं म्हणणं पटलं होतं.

बाईंनी चपला दाराशी सरकवल्या आणि थेट यंत्राशी जाऊन गुडघ्यांवर बसल्या. सर पलीकडून बसले. पत्रा किती वाकवला तर अंडी आणि बाटल्या दोन्हींना चालेल यावर दोघांचं तिथेच जुंपलं. बाईंनी मागे न बघताच हात पसरला.

"पाना दे गं. हा नाही. हाही नाही. अगं, तुला पाना ओळखता येत नाही?"

"नाही येत," धाकटी म्हणाली.

"बरं. कारखान्यात आलात की सगळ्यांना पहिल्या दिवशी तेच शिकवते. आत्ता तो लांब दांड्याचा दे."

धाकटीने लांब दांड्याचा पाना दिला. मग ती सावकाश वळली आणि डोळे मोठे करून ताईकडे बघत तिने बिनआवाजी ओठ हलवले: आलात की?